थव्याला इमाम नसतो

सोलापुरात वाढलेल्या मुसलमानाला चार भाषांची सवय असते. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, आणि शेजारच्या गल्लीतून तेलुगू नाहीतर कन्नड कानावर पडतेच. आम्हीही असेच वाढलो. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, पुढे बी.एस्सी., मग बी.एड., आणि गेली काही वर्षे उर्दू माध्यमाच्या एका हायस्कुलात विज्ञान व गणित शिकवतो. 'मी' म्हणण्याऐवजी 'आम्ही' म्हणतो, तो मोठेपणा नव्हे. उर्दूतल्या 'हम'ची सवय मराठी लिहितानाही सुटत नाही, एवढेच.

या चार भाषांत पाचवी भाषा तिशी ओलांडल्यावर आली. ती बोलायची नसते, लिहायची असते, आणि ऐकणारा माणूस नसून यंत्र असते. संगणकाला काही साधे नियम लिहून द्यायचे आणि त्या नियमांतून पक्ष्यांचा थवा, रोगाची साथ, जंगलातला वणवा पडद्यावर उभा राहतो का ते पाहायचे, असे हे काम. इंग्रजीत याला सिम्युलेशन म्हणतात. उर्दूत मुलांना सांगताना आम्ही 'नक्ल' म्हणतो. वर्गात हा शब्द उच्चारला की मुले एकमेकांकडे बघून हसतात. त्यांना परीक्षेतली नक्कल आठवते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मोबाइलवर तास घेऊन, चूल आणि दोन मुले सांभाळून रात्री जो वेळ उरे त्यात आम्ही हे शिकायला बसलो. जवळ एक जुना लॅपटॉप होता. डॅनियल शिफमन या अमेरिकेतील शिक्षकाचे २०१२ सालचे 'द नेचर ऑफ कोड' हे पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळाले. आणि मिळाली नेटलोगो. ही उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये तयार केलेली, तीही फुकट. हिचे मूळ १९६७ सालच्या 'लोगो' या भाषेत आहे. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लहान मुलांसाठी बनवली होती. त्यात एक कासव असे. त्याला 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' असे सांगितले की ते चाले आणि मागे रेघ उमटे. आरंभी तर ते जमिनीवर फिरणारे चाकांचे खरेखुरे यंत्र होते. नेटलोगोत असली हजारो कासवे एकाच वेळी पडद्यावर फिरतात. प्रत्येकाला स्वतःपुरते कळते, आजूबाजूचे दोन-चार दिसतात. सगळा पडदा कोणालाच दिसत नाही. तो फक्त आपल्याला दिसतो.

शिकताना इंग्रजीचा अडसर वाटेल असे अनेकांनी बजावले होते. तो फारसा वाटला नाही, कारण आज्ञा मोजक्याच असतात. खरे अवघड निघाले ते नेमके बोलणे. 'पक्षी मिळून उडतात' हे वाक्य आपल्याला पुरते, यंत्राला पुरत नाही. मिळून म्हणजे किती अंतरावर? कोणाला बघून? वळायचे तर किती अंश? रोजच्या बोलण्यात आपण किती गोष्टी समोरच्याने समजून घ्याव्यात म्हणून सोडून देतो, हे या भाषेने दाखवले. म्हणून शाळा पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही संगणक कक्षात एक पद्धत ठेवली. आधी नियम फळ्यावर उर्दूत लिहायचा, मग प्रोग्राम. उर्दू वाक्य फळ्याच्या उजव्या कडेपासून निघते, प्रोग्राम डाव्या कडेपासून. दोन्ही मधोमध येऊन भेटतात. मुलांना याची फार गंमत वाटते.

पहिला प्रयोग भोरड्यांचा. सोलापूरकरांना भोरड्या सांगायला नकोत. मध्य आशियाकडून थंडीसाठी येणाऱ्या या गुलाबी अंगाच्या मैना ज्वारी हुरड्यात आली की शेतावर तुटून पडतात आणि शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर उभा राहतो. पण संध्याकाळी त्यांचा थवा आभाळात धुरासारखा वळतो, ताणतो, आकसतो, तेव्हा गोफणवालाही क्षणभर हात थांबवतो. क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८६ मध्ये असा थवा संगणकावर उडवला आणि त्यासाठी प्रत्येक पाखराला तीनच नियम दिले: शेजाऱ्याला धडकू नका, शेजारी ज्या दिशेने जातात ती दिशा धरा, आणि शेजाऱ्यांपासून तुटू नका. थव्याने कुठे जावे, कसा आकार घ्यावा, याबद्दल एक अक्षर नाही. तरी थवा होतो. पुढे चित्रपटांत वटवाघळांचे थवे दाखवायलाही हीच युक्ती वापरली गेली.

आम्ही हा थवा घरी अब्बांना दाखवला. अब्बांचे आयुष्य चादरीच्या जकार्ड मागावर गेले. जकार्डवर नक्षी भोके पाडलेल्या पत्त्यांत असते. एक पत्ता म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. कोणता उभा धागा उचलायचा आणि कोणता नाही, हे भोक सांगते. पत्ता चुकला तर मोराची मान वाकडी. त्यामुळे अब्बांनी पडद्याकडे बराच वेळ बघून विचारले, "इसकी नक्षी का पत्ता किधर है, बेटा?"

"पत्ता नहीं है, अब्बा. नक्षी कहीं नहीं लिखी."

"फिर इनको ऐसा मुडने कू किसने बोला?"

वर्गातही हाच प्रश्न आला, फक्त दुसऱ्या तोंडाने. आठवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, इनका इमाम कौन?" तिचे बरोबर होते. सगळे एका वेळी झुकतात, एका वेळी उठतात, तर पुढे कोणीतरी असलेच पाहिजे. दुसऱ्या मुलाने सर्वांत पुढचे पाखरू दाखवले. आम्ही त्या पाखराला लाल रंग दिला आणि प्रोग्राम चालू ठेवला. थवा वळला आणि लाल पाखरू कडेला गेले. पुन्हा वळला, तेव्हा ते मागच्या रांगेत होते. पुढे आता भलतेच कोणी होते आणि त्यालाही आपण पुढे आहोत हे ठाऊक नव्हते. मुलगी म्हणाली, "मतलब इमाम नहीं है. सब बाजूवाले कू देखरे." थव्याचे शास्त्र तिने एका वाक्यात सांगितले.

मोहल्ल्यातले एक बुजुर्ग चाचा आमच्या या उद्योगावर नाराज होते. कुदरतीची नक्कल करणे बरे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांना अदबीने सांगितले, की चाचा, ही कुदरतीची नक्कल नाहीच. कुदरत आम्हाला जेवढी समजली आहे तिची ही नक्कल आहे. समज अपुरी असेल तर पडद्यावरचे पाखरूही अपुरेच उडेल. चाचा काही बोलले नाहीत, पण नंतर नातवाला आमच्याकडे शिकायला पाठवू लागले.

चाचांना दिलेले हे उत्तर पुढे आमच्याच कामाला आले. रोममध्ये काही इटालियन शास्त्रज्ञांनी रेल्वे स्थानकाजवळच्या एका इमारतीच्या गच्चीवरून खऱ्या मैनांच्या थव्यांची एकाच वेळी अनेक बाजूंनी छायाचित्रे घेतली आणि एकेक पक्षी हवेत नेमका कुठे होता ते काढले. त्यांचा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रेनॉल्ड्सच्या प्रोग्राममध्ये पाखरू ठरावीक अंतराच्या आतले सगळे शेजारी पाहते. खरी मैना अंतर पाहतच नाही. जवळचे सहा-सात पक्षी, मग ते हातभर अंतरावर असोत की दूर, तेवढ्यांशीच ती जुळवून घेते. म्हणून ससाणा झडप घालतो तेव्हा थवा ताणला जातो, पण सहजी फुटत नाही. पडद्यावरचा थवा आणि आभाळातला थवा डोळ्यांना सारखाच दिसत होता. नियम मात्र वेगळा होता. ही गोष्ट वाचल्यापासून आमच्या मनात एक वाक्य पक्के झाले: चित्र जुळले म्हणून नियम जुळला असे नाही.

हे वाक्य साथीच्या प्रयोगात आणखी टोचले. २०२० साली घरोघरी आकडे मोजले जात होते, तेव्हा आम्ही साथीचा प्रोग्राम लिहीत होतो. त्याची मूळ रीत १९२७ सालची आहे, आणि तिचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात विल्यम कर्मॅक नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. अँडरसन मॅक्केंड्रिक हे डॉक्टर, ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत होते, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले होते. या दोघांनी मिळून साथीचे गणित मांडले. माणसांचे तीन गट: ज्यांना लागण होऊ शकते ते, आजारी, आणि बरे झालेले किंवा मेलेले. या गणितातून निघालेली मोठी गोष्ट अशी, की साथ सगळी माणसे आजारी पडून संपल्यामुळे थांबत नाही. लागण होऊ शकणारी माणसे एका मर्यादेपेक्षा कमी झाली, की बरीच माणसे शिल्लक असतानाच ती उतरू लागते. आपले गणित पडताळायला त्यांनी घेतले मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे आठवड्यांचे आकडे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ पर्यंतचे. गणिताची रेघ त्या आकड्यांवर छान बसली.

पण प्लेग उंदरांतून आणि पिसवांतून येतो, आणि मुंबईत तो दरवर्षी ठरावीक ऋतूत चढत-उतरत असे. त्यांच्या गणितात ऋतूच नव्हता. अलीकडच्या अभ्यासकांनी हे बोट ठेवून दाखवले आहे. म्हणजे इथेही रेघ बसली, पण तेवढ्याने कारण सिद्ध झाले नाही. म्हणून त्या दोघांचे काम लहान होत नाही; आजही साथीचे गणित तिथूनच सुरू होते.

आम्ही आमच्या प्रोग्राममध्ये लागणीचा नियम लिहिला. त्यात तीन गोष्टी होत्या: दोघे किती जवळ आले, किती वेळ होते, आणि लागण होण्याची शक्यता किती. याच दिवसांत, एप्रिल २०२० मध्ये, बाहेर काय चालले होते ते वाचकांना आठवत असेल. फळवाल्याला आधी नाव विचारले जात होते. कोणी मुद्दाम रोग पसरवत आहे अशा चित्रफिती फिरत होत्या. रात्री पडद्यावर कासवे एकमेकांजवळून जात, लाल होत, करडी होत, आणि आम्ही पाहत असू. नियमात नावाचा रकाना नव्हता, आणि साथीला त्याची गरजही पडत नव्हती. लग्न असो, जत्रा असो, इज्तिमा असो की भाजी मंडई, गर्दीची वागणूक एकच. गर्दी केली तर त्याचा परिणाम होणारच, हेही पडदा तितक्याच स्पष्टपणे दाखवत होता. आपली गर्दी म्हणून सूट नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या कार्यक्रमाला आलेल्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले, तेव्हा मनाला थोडा दिलासा मिळाला. पण ज्या फळवाल्याची गाडी उलटी झाली त्याच्यापर्यंत तो निकाल पोहोचला असेल असे वाटत नाही.

इथवर निसर्ग होता. पुढचा प्रयोग माणसांचा, आणि तो नेटलोगोच्याच संग्रहात तयार मिळतो. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये तो मांडला. त्यांना २००५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी आधी तो कागदावर आणि पटावर नाणी सरकवत केला होता. पडद्यावर दोन रंगांची कासवे मिसळून बसवायची, निळी आणि नारिंगी. प्रत्येकाचे म्हणणे माफक: माझ्या शेजाऱ्यांत निदान तीस टक्के माझ्या रंगाचे असावेत. तसे नसेल तर ते रिकाम्या जागी सरकते. कोणाला कोणाचा राग नाही. तरी थोड्याच वेळात पडद्यावर वेगवेगळ्या वस्त्या तयार होतात आणि प्रत्येकाच्या शेजारात सरासरी सत्तर टक्क्यांच्या आसपास आपल्याच रंगाचे निघतात.

हे पाहून आम्ही गप्प झालो. आमचा मोहल्ला असाच तर आहे. मशीद जवळ हवी, खाटकाचे दुकान जवळ हवे, मामू-खालांची घरे हाकेच्या अंतरावर हवीत. वेगळे राहावे असे कोणाच्याच मनात नसते आणि वेगळी वस्ती होते. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीमागे कोणाचा तरी डाव शोधण्याची जी सवय लागली आहे, तिला हा प्रयोग चांगले औषध आहे. पण बाहेरचा माणूस हेच चित्र पाहून म्हणतो, "या लोकांना एकत्र राहायलाच आवडते." शेलिंगचा प्रयोग त्याच्या हाती गेला तर तो आणखी खूश होईल.

लग्नानंतर आम्ही शाळेजवळ भाड्याचे घर शोधत होतो. एका ठिकाणी दोन खोल्या पसंत पडल्या, भाडे ठरले, नळाची वेळसुद्धा विचारून झाली. शेवटी नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी कळले की ती जागा घरमालकांच्या भाचीसाठी ठेवलेली आहे. भाची पुढे कित्येक महिने आली नाही. शेवटी आम्ही मोहल्ल्यात घर घेतले. आता आम्ही पडद्यावरचे एक कासव असतो, तर पाहणाऱ्याला काय दिसले असते? आम्ही आपल्या रंगाच्या वस्तीकडे सरकलो, एवढेच.

म्हणून आम्ही प्रोग्राममध्ये नियम बदलून पाहिला. कासवांची आवडनिवड काढून टाकली. कोणालाही कोणताही शेजारी चालेल. प्रत्येक जण अधूनमधून घर बदलतो. फक्त भोवती नारिंगी शेजारी जास्त असतील तर ते रिकामे घर निळ्या कासवाला मिळत नाही. प्रोग्राम चालू ठेवला. निळी कासवे हळूहळू काही ठिकाणी गोळा होत गेली. पहिल्या प्रयोगातली वस्ती आवडीतून झाली होती, ही नकारातून. तिसरा नियम भीतीचा आहे. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला गेली, ती काही मशीद जवळ हवी म्हणून नव्हे. आवड, नकार, भीती. नियम तीन, आणि दुरून पाहिले तर चित्र एकच. नकाशा पाहून यातला कोणता नियम खरा ते कळत नाही. बहुधा तिन्ही कमी-अधिक असतात. कळून घ्यायचे तर रोमच्या शास्त्रज्ञांसारखे गच्चीवर चढावे लागते, एकेक पाखरू पाहावे लागते.

हे सगळे आठवी-नववीच्या मुलांना सांगायचे कसे? आम्ही त्यांच्या वहीत तीन रकाने आखून दिले आहेत. पहिला, काय दिसले. दुसरा, कोणता नियम दिला. तिसरा, दुसऱ्या कोणत्या नियमाने हेच दिसले असते. पहिले दोन मुले पटापट भरतात. तिसरा रिकामा राहतो. मोठ्या माणसांचाही तोच रिकामा असतो.

उर्दू शाळेतल्या शिक्षकाला हा तिसरा रकाना रोज लागतो. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की सहा ते चौदा वर्षांच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के एकतर शाळेत गेलेलीच नाहीत किंवा मध्येच गळालेली आहेत. हा आकडा म्हणजे आभाळातला थवा. त्याच्याकडे बोट दाखवून कोणी म्हणते, "यांना शिकायचेच नाही." आपल्यातला कोणी म्हणतो, "सगळे सरकारमुळे." दोघांनीही नियम तपासलेला नसतो.

मागच्या वर्षी दहावीनंतर आमच्या पाच मुलींनी शाळा सोडली. शिक्षकांच्या खोलीत कारण एका वाक्यात आटोपले, की घरचे शिकवत नाहीत. आम्ही पाचही घरी गेलो. पहिल्या घरी कॉलेजची बस परतताना अंधार व्हायचा, हे कारण. दुसऱ्या घरी अम्मी आजारी आणि धाकटी भावंडे तीन. तिसरीला सायन्स हवे होते, पण उर्दूतून थेट इंग्रजीत उडी घ्यायची भीती. चौथीचे लग्न ठरले होते. पाचवीच्या अब्बांना वाटत होते की प्रवेशाची मुदत संपली. ती संपलेली नव्हती. पाच घरे, पाच नियम, आणि हजेरीपटावर पाच सारख्या लाल रेघा. पाचवीचा अर्ज दुसऱ्याच दिवशी भरला. तिसरी आता संध्याकाळी आमच्याकडे इंग्रजी शब्दांची वही घेऊन बसते. पहिलीच्या अब्बांशी बसच्या वेळेबद्दल बोलणे चालू आहे. उरलेल्या दोघींच्या बाबतीत आमच्या हाती अजून काही लागलेले नाही.